ट्रेलरवरची जुनी होडी: दुरुस्त नेमकं काय होतं?

आज आपला विषय छोटा आहे, अगदी मापानंसुद्धा छोटा. दहा ते वीस फुटांची शिडाची होडी. मोटारीच्या मागे ट्रेलर जोडायचा, त्यावर होडी चढवायची, पाण्यापर्यंत न्यायची आणि संध्याकाळी परत घरी आणायची. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत अशा कितीतरी होड्या आज घरांच्या आवारात ताडपत्रीखाली पडून आहेत. त्या वापरलेल्या म्हणून स्वस्तात विकल्या जातात, आणि घेणारा मग सुट्टीच्या दिवशी तासन् तास त्यांच्यापाशी घासत-पुसत बसलेला दिसतो. दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा होडीच्या किमतीच्या वर जातो. व्यवहाराच्या हिशेबात हे बसत नाही. मग ही माणसं दुरुस्त तरी नेमकं काय करतात? हा प्रश्न आपण थोडा इतिहासातून आणि थोडा तत्त्वज्ञानातून पाहू.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. जुन्या पद्धतीची, फळ्या जोडून बांधलेली होडी ट्रेलरवर राहूच शकत नाही. ती पाण्यात असते तेव्हा लाकूड फुगतं आणि फळ्यांमधले सांधे घट्ट बसतात. बाहेर काढून वाळवलीत की फळ्या आकसतात, फटी पडतात. याचं एक उदाहरण तर आपल्या मुंबईचंच आहे. ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी होडी मुंबईत बांधली गेली. तिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फालमथहून निघाले आणि कुठेही न थांबता, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतले. असं करणारे ते पहिलेच. पुढे ही होडी ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती बाहेर काढली, दुरुस्त केली आणि पुन्हा पाण्यात घातली. जिनं तीन महासागर सोसले, तिला छप्पर सोसलं नाही!

तेव्हा होडी घरी आणायची तर आधी तिचा देह बदलायला हवा होता. तो बदलला पाण्यात न सुटणाऱ्या सरसानं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे असे सरस आले आणि त्यांनी चिकटवलेलं प्लायवूड होड्यांसाठी भरवशाचं झालं. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे बसवलेले असतात, त्यामुळे ते फळीसारखं फुगत-आकसत नाही. न्यूझीलंडचे रिचर्ड हार्टली यांनी १९५० च्या दशकात सोळा फुटी होडीचे आराखडे केले. प्लायवूडची होडी, ट्रेलरवर नेण्यासाठीच आखलेली. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात लोकांनी ते आराखडे घेऊन आपापल्या गॅरेजमध्ये होड्या बांधल्या.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट आणखी पुढे गेली. जॅक होल्ट हे होड्यांचे आरेखनकार आणि बॅरी बकनेल हे दूरदर्शनवर घरगुती सुतारकाम शिकवणारे गृहस्थ. या दोघांनी मिळून सुमारे अकरा फुटी होडी आखली. ‘डेली मिरर’ या खपाच्या, सामान्य माणसाच्या वर्तमानपत्रानं ती १९६३ मध्ये लोकांपुढे आणली. होडीचं नाव ‘मिरर’ आणि शिडं वर्तमानपत्राच्या रंगाची, लाल. सुट्या भागांच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. बांधायची रीत तर आपल्याला गोधडीची आठवण करून देईल! प्लायवूडच्या कापलेल्या तुकड्यांना कडेनं भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं ते एकमेकांना शिवायचे, आणि शिवणीवर काचतंतूंची पट्टी ठेवून राळ चढवायची. बांधून झालेल्या होडीचं वजन ४५ किलोच्या आसपास, म्हणजे दोघांनी उचलून मोटारीच्या टपावर ठेवावी. अशा ७० हजारांहून अधिक होड्या झाल्या.

आता यातलं महत्त्वाचं काय ते बघा. स्वस्ताई तर आहेच. पण ज्यानं होडी स्वतः शिवली, त्याला तिचा प्रत्येक सांधा माहीत होता. नाळ दगडावर आपटली तर काय उसवलं आणि ते कसं पुन्हा शिवायचं, हे त्याला कुणाला विचारावं लागत नव्हतं. कारागिराच्या घराण्यातलं ज्ञान कारकुनाच्या आणि गिरणीकामगाराच्या घरात आलं होतं.

याच सुमारास दुसरा पदार्थ जोर धरत होता, तो म्हणजे आपण नुसतं ‘फायबर’ म्हणतो ते. काचतंतूंच्या कापडावर राळ ओतून साच्यातून होडीचं अख्खं अंग एकसंध काढायचं. कुजत नाही, गळत नाही, ट्रेलरवर वर्षानुवर्षं उभी राहते. आज जुन्या म्हणून विकायला येणाऱ्या होड्यांत याच होड्या फार. मात्र ती कारखान्यातून तयार होऊन आली आणि बांधण्याची विद्या साच्यापाशीच राहिली.

शिवाय फायबर टिकाऊ असलं तरी होडी म्हणजे नुसतं फायबर नव्हे. पुष्कळ होड्यांच्या डेकमध्ये फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा नावाचं हलकं लाकूड भरलेलं असतं. वर कड्या, खुंट्या बसवताना स्क्रूची भोकं पाडतात. तिथली लांबी सुकून तडकली की पाणी आत झिरपतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. वरून सगळं चकचकीत! म्हणून जाणकार माणूस होडी घेण्याआधी डेकवर हातोडीच्या दांड्यानं ठोकत जातो, आपण मडकं वाजवून घेतो ना, तसं. टणक आवाज आला तर ठीक. भदभदीत आला तर तिथला वरचा थर कापायचा, ओलं लाकूड खरवडून काढायचं, पूर्ण वाळू द्यायचं, नवं लाकूड इपॉक्सीत बसवायचं आणि वर पुन्हा थर चढवायचा. फायबर घासताना तोंडावर चांगला मास्क हवाच, कारण ती धूळ फुफ्फुसाला वाईट. शिडाचं कापड धड दिसतं, पण उन्हानं शिवणीचा दोरा आधी मरतो. पोलादी दोर चमकतात, पण टोकाला जिथे ते धातूच्या नळीत दाबून बसवलेले असतात तिथे आत गंज धरतो. आणि ट्रेलर? होडी उतरवताना त्याची चाकं पाण्यात जातात. बेअरिंगमधलं ग्रीस वेळच्या वेळी बदललं नाही तर होडी समुद्रात बुडण्याआधी रस्त्यातच अडकते.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. थिसियसच्या जहाजाचं कोडं आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. प्लुटार्क सांगतो की अथेन्सच्या लोकांनी थिसियसचं तीस वल्ह्यांचं जहाज जपलं होतं. फळी कुजली की ती काढून नवी बसवत. पुढे तत्त्वज्ञ वाद घालू लागले, की हे जहाज तेच की दुसरं? फायबरच्या होडीत हे कोडं उलटं होतं. अंग तेच राहतं, बदलतं ते आतलं. फळ्याच नाहीत, तर एकेक बदलणार काय?

पण या कोड्यात एक गोष्ट नेहमी सुटून जाते. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात तिचा उल्लेख आहे. अथेन्सकर जे जहाज थिसियसचं म्हणून सांगत, ते दरवर्षी डेलॉस बेटाच्या यात्रेला जात असे. ते परत येईपर्यंत शहरात कुणाला देहदंड द्यायचा नाही, असा नियम होता. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला शिक्षा झाली, पण जहाज यात्रेवर असल्यामुळे त्याला विष लगेच दिलं गेलं नाही. म्हणजे ते जहाज शोभेला ठेवलेलं नव्हतं, ते चालतं होतं. फळ्या बदलल्या तरी लोक त्याला तेच जहाज म्हणत, कारण ते नवस फेडायला त्याच वाटेनं जात होतं आणि त्याची निगा राखणारे हात एकामागून एक येत होते. आम्हाला वाटतं, जुनी होडी दुरुस्त करणारा माणूस हेच करत असतो. लाकूड आणि राळ हे साधन. सावरते ती होडीची चाल आणि सावरण्याची विद्या. कारखान्यात राहून गेलेलं ज्ञान तो हातानं परत मिळवतो.

म्हणून प्रत्येक जुनी होडी वाचवलीच पाहिजे का? तसंही नाही. फायबर कुजत नाही हा गुणच शेवटी दोष होतो: टाकून दिलेली होडी मातीला मिळत नाही. फ्रान्समध्ये २०१९ पासून जुन्या होड्या रीतसर मोडीत काढण्याची व्यवस्था आहे आणि तिच्या खर्चाचा भार नव्या होड्या विकणाऱ्यांवर टाकला आहे. जिचं अंगच खिळखिळं झालं, तिला सन्मानानं निरोप द्यावा, तिच्या कड्या, डोलकाठी, सुकाणू दुसरीला द्यावं. तीही परंपराच.

पण जी वाचण्यासारखी आहे तिच्यासाठी आपण दोन कसोट्या लावू. दुरुस्तीनंतर ती पाण्यात जाते का? आणि आपण केलेलं काम पुढच्या माणसाला उलगडता येईल का? स्क्रू असा बसवावा की तो पुढे काढता येईल. काय कापलं, काय भरलं, ते वहीत लिहून होडीबरोबर द्यावं. कारण आपण तिचे शेवटचे मालक नसतो, आणि नसावंही.

इथे थांबू. आता प्रश्न असतील तर घेऊ या.