'बर्नचा चमत्कार' नेमका कधी घडला? १९५४ चा विश्वचषक आणि 'पुनरुत्थान' हा शब्द

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की एक शब्द हमखास कागदावर येतो: पुनरुत्थान. अमुक चळवळीचं पुनरुत्थान, तमुक संस्थेचं, एखाद्या लोककलेचं. शब्द भारदस्त आहे, मार्गदर्शकांनाही आवडतो. पण त्यात एक अडचण लपलेली आहे. 'पुनरुत्थान' म्हणायला आधी पडझड लागते, मग कष्टाचा काळ लागतो आणि शेवटी विजय लागतो. म्हणजे शेवट माहीत असल्याशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही. आणि ज्या माणसांबद्दल आपण लिहितो, त्यांना शेवट माहीत नव्हता.

हे समजून घ्यायला आज एक फुटबॉलचा सामना घेऊ. फुटबॉलच का? कारण इथे काय घडलं याबद्दल फारसा वाद नाही. तारीख ठरलेली, गोल कितव्या मिनिटाला झाले तेही ठरलेलं. त्यामुळे त्या घटनेवर नंतर कोणते थर चढले ते स्वच्छ दिसतं.

आधी घटना

४ जुलै १९५४. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातलं वांकडोर्फ मैदान, वरून पाऊस. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एका बाजूला हंगेरी. हा संघ चार वर्षं हरलेला नव्हता. १९५२ चं ऑलिंपिक सुवर्ण त्यांच्याकडे होतं आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये त्यांनी इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ असं हरवलं होतं. दुसऱ्या बाजूला पश्चिम जर्मनी. याच स्पर्धेच्या गटसामन्यात हंगेरीने त्यांचा ८-३ असा फडशा पाडला होता.

आठव्या मिनिटालाच हंगेरी २-० ने पुढे. पुश्काश आणि त्सिबोर यांचे गोल. दहाव्या मिनिटाला मोरलॉकने एक फेडला, अठराव्याला हेल्मुट रानने बरोबरी केली. मग तासाभराहून अधिक काळ हंगेरीचे हल्ले आणि जर्मन गोलरक्षक टोनी टुरेक. ८४ व्या मिनिटाला रानचा दुसरा गोल, ३-२. शेवटी शेवटी पुश्काशने चेंडू जाळ्यात मारला, पण लाईनमनने ऑफसाईड दिलं. सामना संपला.

इथपर्यंत घटना. आता तिच्यावर चढलेलं वाक्य बघा: 'पश्चिम जर्मनीचा खरा जन्म १९४९ मध्ये राज्यघटनेने नाही, तर ४ जुलै १९५४ रोजी बर्नमध्ये झाला.' जर्मनीत हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी लिहिलंय, आणि सामन्याच्या पन्नाशीच्या सुमारास, म्हणजे २००४ च्या आसपास, ते सर्रास ऐकू येत होतं. युद्धात उद्ध्वस्त झालेला, जगाने वाळीत टाकलेला देश त्या दिवशी पुन्हा उभा राहिला, असा त्याचा अर्थ.

या वाक्याला आपण चार प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न: हे तेव्हा म्हटलं गेलं का?

आनंद प्रचंड होता, यात शंका नाही. संघ आगगाडीने परतला तेव्हा स्टेशनास्टेशनांवर गर्दी उसळली होती. पण सत्ताधारी मंडळी सावध होती. चॅन्सलर आडेनाउअर अंतिम सामन्याला हजर नव्हते. विजयानंतर मैदानातल्या जर्मन प्रेक्षकांनी राष्ट्रगीताचं पहिलं कडवं म्हटलं. नाझी काळाशी जोडलेल्या या कडव्याऐवजी अधिकृत प्रसंगी तिसरं कडवं म्हणायचं, असं १९५२ मध्येच ठरलं होतं. त्यामुळे परदेशी वर्तमानपत्रं अस्वस्थ झाली.

दोन दिवसांनी म्युनिकमध्ये फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष पेको बाउवेन्स यांचं भाषण झालं. त्याचा सूर इतका राष्ट्रवादी होता की बव्हेरियाच्या रेडिओने प्रक्षेपण मध्येच थांबवलं. १८ जुलैला बर्लिनमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांनी खेळाडूंचा सत्कार करताना बाउवेन्स यांना जाहीर चिमटा काढला. चांगला फुटबॉल म्हणजे चांगलं राजकारण नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

थोडक्यात, १९५४ मधल्या अनेक जबाबदार लोकांना विजयातून 'राष्ट्राचा जन्म' दिसत नव्हता, धोका दिसत होता. इतिहासकार फ्रान्झ-योझेफ ब्रुगेमायर यांनीही या स्पर्धेवर लिहिताना तेव्हाचा आनंद आणि नंतर चिकटवलेला राजकीय अर्थ वेगळे ठेवले आहेत. तुमच्यासाठी धडा साधा आहे. समकालीन साधनं आणि स्मरणाची साधनं एकाच तळटीपेत कोंबू नका. १९५४ चं वर्तमानपत्र १९५४ बद्दल सांगतं. २००४ ची पुरवणी मुख्यतः २००४ बद्दल सांगते.

दुसरा प्रश्न: शेवट माहीत नसता तर ही गोष्ट कशी दिसली असती?

८-३ चा पराभव घ्या. प्रशिक्षक सेप हेरबेर्गर यांनी त्या सामन्यात बरेच नेहमीचे खेळाडू बसवले होते. आज हे 'धूर्त डाव' म्हणून सांगितलं जातं. स्पर्धेचे नियम असे होते की हंगेरीकडून हरलं तरी तुर्कस्तानविरुद्ध आणखी एक सामना मिळणार होता, मग मुख्य खेळाडू दमवा कशाला? तर्क बरोबर आहे, आणि तो फेरसामना जर्मनीने ७-२ ने जिंकलाही. पण त्या आठवड्यात हेरबेर्गर यांना संतापलेल्या प्रेक्षकांची पत्रं येत होती. राजीनामा द्या, अशी मागणी होत होती. पुढे संघ उपांत्यपूर्व फेरीत युगोस्लाव्हियाकडून हरला असता, तर हीच संघनिवड आज 'घोडचूक' म्हणून पुस्तकांत असती. कृती तीच, शेवटाने तिचं नाव बदललं.

विजयानंतरचे महिनेही बघा. त्याच वर्षी शरद ऋतूपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत हे विश्वविजेते बेल्जियम, फ्रान्स आणि इंग्लंड अशा तिघांकडून हरले. उलट अंतिम सामना गमावलेला हंगेरीचा संघ त्यानंतर थेट फेब्रुवारी १९५६ मध्ये तुर्कस्तानात हरला. नुसत्या निकालांचा तक्ता कुणाच्या हातात दिला, तर तो कोणत्या संघाचं पुनरुत्थान झालं म्हणेल?

तिसरा प्रश्न: साधन आपल्यापर्यंत कसं पोचलं?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या सामन्याचं संपूर्ण चित्रीकरण आज उपलब्ध नाही, काही तुकडेच उरलेत. रेडिओवरचं हर्बर्ट झिमरमन यांचं धावतं समालोचन मात्र टिकलं. त्यामुळे आपण जे 'दृश्य' बघतो त्यात बहुतेक वेळा झिमरमन यांचा आवाज चित्रावर नंतर जोडलेला असतो. तेव्हा घराघरात टीव्ही नव्हते. बहुतेक जर्मनांनी सामना फक्त ऐकला. एकाच वेळी बघणं आणि ऐकणं हा अनुभव पुढच्या पिढ्यांसाठी तयार झालाय.

आता तोच आवाज कुठे कुठे गेला ते बघा. १९७९ मध्ये प्रदर्शित झालेल्या फासबिंडर यांच्या 'मारिया ब्राउनचा विवाह' या चित्रपटाच्या शेवटी तो रेडिओवर चालू असतो आणि घरात स्फोट होतो. समृद्धी आली, पण कशाच्या बदल्यात, असा तो कडवट सूर. २००३ मध्ये झ्योन्के वोर्टमान यांचा 'बर्नचा चमत्कार' आला. त्यात युद्धकैदेतून परतलेला बाप आणि त्याला परका वाटणारा मुलगा याच सामन्याच्या निमित्ताने जवळ येतात. ध्वनी एकच. चोवीस वर्षांत त्याचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. स्मरणाचा इतिहास लिहायचा तर साधन हे असं पकडायचं असतं: एकच वस्तू, वेगवेगळी वर्षं.

चौथा प्रश्न: 'आपण पुन्हा उभे राहिलो' यातले 'आपण' कोण?

पूर्व जर्मनी वेगळं राष्ट्र होतं. तिथला रेडिओही बर्नहून समालोचन देत होता. झार प्रांत तेव्हा पश्चिम जर्मनीत नव्हता. पात्रता फेरीत त्याचा स्वतंत्र संघ पश्चिम जर्मनीविरुद्धच खेळला आणि त्याचे प्रशिक्षक होते हेल्मुट श्योन, जे पुढे १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीला विश्वचषक जिंकून देणार होते.

'नवा जन्म' म्हणताना सातत्यही झाकलं जातं. हेरबेर्गर १९३३ पासून नाझी पक्षाचे सदस्य होते आणि १९३६ पासून राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक. १९४२ चा युद्धकाळातला शेवटचा सामना आणि १९५० मध्ये स्टुटगार्टला स्वित्झर्लंडविरुद्ध झालेला युद्धानंतरचा पहिला सामना, दोन्ही वेळी बाकावर तेच. कर्णधार फ्रिट्झ वाल्टरही युद्धकाळापासूनच संघात होता. मधल्या आठ वर्षांत सगळं पुसून नवं सुरू झालं, असं नाही.

आणि बायका? जुलै १९५५ मध्ये, म्हणजे विजयाला जेमतेम वर्ष होताना, याच महासंघाने आपल्या क्लबांमध्ये महिलांच्या फुटबॉलवर बंदी घातली. ती १९७० मध्ये उठली. राष्ट्राचा जन्म साजरा करणाऱ्या लेखांत ही तारीख शोधून बघा, क्वचित सापडेल.

हरलेली बाजूही विसरू नका. बुडापेस्टमध्ये पराभवानंतर लोक रस्त्यावर उतरले. गोलरक्षक ग्युला ग्रोशिच यांच्यावर पुढे हेरगिरीचा संशय घेऊन कारवाई झाली. १९५६ च्या उठावानंतर पुश्काश, कोचिश, त्सिबोर देशाबाहेरच राहिले. एका देशाच्या पुनरुत्थानाची तारीख दुसऱ्या देशाच्या गोष्टीत दुसऱ्याच नावाने येते.

शब्द जपून वापरा

एक इशारा. प्रश्न विचारायची सवय लागली की उलट्या टोकाला जायचा मोह होतो. सामन्याआधी काही जर्मन खेळाडूंना इंजेक्शनं दिली होती आणि नंतर काहींना कावीळ झाली. इंजेक्शनं क जीवनसत्त्वाची होती, असं संघाकडून सांगितलं गेलं. २०१० च्या सुमारास काही संशोधकांनी पर्व्हिटिन या उत्तेजकाची शक्यता मांडली. शक्यता मांडली म्हणजे सिद्ध झालं का? नाही. 'शक्य आहे', 'संभव आहे' आणि 'सिद्ध झालं आहे' ही तीन वेगळी वाक्यं आहेत. व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक नेमके इथेच बोट ठेवतात.

मग पुनरुत्थान हा शब्द टाकूनच द्यायचा का? तसंही नाही. लाखो लोकांना त्या दिवशी काहीतरी परत मिळाल्यासारखं वाटलं, ही भावना खोटी नव्हती. पण ती भावना हा तुमच्या अभ्यासाचा विषय आहे, निष्कर्ष नाही.

आता तुमच्या विषयाकडे या. समजा, तुम्ही एखाद्या सहकारी साखर कारखान्यावर काम करताय आणि हातात सुवर्णमहोत्सवी अंक आहे. 'अवर्षणातून, विरोधातून संस्था उभी राहिली' असं त्यात असणारच. वहीत चार रकाने आखा: काय घडलं, तेव्हा कोण काय म्हणालं, नंतर काय म्हटलं गेलं, आणि या गोष्टीत कोण नाही. अंकातलं प्रत्येक वाक्य कुठल्या रकान्यात जातं ते ठरवा. मला पैजेवर सांगता येईल की तिसरा रकाना आधी भरेल. दुसरा आणि चौथा रकाना रिकामा राहिला, तर सभांची जुनी इतिवृत्तं, तेव्हाची तालुक्याची साप्ताहिकं आणि ऊसतोड टोळ्यांतली जुनी माणसं शोधायला निघा. सिनॉप्सिसमधला 'संशोधनातील उणीव' हा परिच्छेद तिथूनच लिहिता येईल.