कामावरील इजेची नोंद : अठ्ठेचाळीस तासांचा प्रश्न

यंत्रावर काम करताना बोट तुटले, परातीवरून पडून पाय मोडला किंवा वर्षानुवर्षे धुळीत वावरून फुप्फुसे निकामी झाली, तर त्यापुढील साऱ्या गोष्टी एका नोंदीपासून सुरू होतात. नुकसानभरपाई, विम्याचा लाभ, त्या यंत्रावर संरक्षक कवच बसविण्याचा आदेश, मालकावरील खटला, यांपैकी काहीही व्हायचे तर आधी कोणीतरी कागदावर लिहावे लागते की ही इजा कामावर झाली. कायद्याने ही जबाबदारी मालकावर, आणि आजारांच्या बाबतीत डॉक्टरवरही टाकली आहे. व्यवहारात मात्र ती जितकी टाळता येईल तितकी टाळली जाते.

भारतात या नोंदीचा पाया १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातला. त्यातील कलम ८८ नुसार कारखान्यातील अपघातात मृत्यू झाला, किंवा जखमी कामगार अपघातानंतर लागोपाठ ४८ तास वा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर त्याची सूचना शासनाला देणे बंधनकारक होते. महाराष्ट्रात ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाई. १९७६ च्या दुरुस्तीने कलम ८८-अ आले आणि कोणालाही इजा झाली नाही तरी स्फोट, क्रेन कोसळणे यांसारख्या ठरावीक धोकादायक घटना कळविणे आवश्यक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. अपघाताची सूचना आता संहितेच्या कलम १० मध्ये, धोकादायक घटनेची ११ मध्ये आणि आजाराची १२ मध्ये आहे. ४८ तासांची मर्यादा मात्र तीच राहिली.

सारी मेख या मर्यादेत आहे. हाताला टाके पडलेला कामगार दुसऱ्या दिवशी गेटवर येऊन नुसता बसून राहिला, तरी हजेरीपटावर तो ‘कामावर’ असतो आणि अपघात कळविण्याची गरज उरत नाही. ‘हलके काम’ देण्याच्या नावाखाली ही युक्ती सर्रास वापरली जाते. प्रवेशद्वारावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक लावणाऱ्या आणि त्यावर विभागाला बक्षीस देणाऱ्या कारखान्यांत तर सहकाऱ्यांचाच दबाव येतो; एकाच्या बोटापायी सर्वांचे बक्षीस बुडू नये, ही भावना सुपरवायझरच्या दरडावणीहून अधिक परिणामकारक ठरते. कंत्राटी कामगाराची गोष्ट आणखी सोपी. त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात नेऊन उपचाराचे पैसे रोख भरले की प्रकरण संपते, कारण मूळ कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नावच नसते.

ही दडवणूक आकड्यांत उघड दिसते. कारखाना सल्ला सेवा व कामगार संस्था महासंचालनालयाकडे जमा झालेल्या माहितीनुसार २०१७ ते २०२० या काळात देशातील नोंदणीकृत कारखान्यांत दररोज सरासरी ३ कामगार मृत्युमुखी पडले आणि ११ जखमी झाले. म्हणजे एका मृत्यूमागे चार जखमीही नाहीत. ब्रिटनमध्ये २०२२-२३ साली कामावरील अपघातांत १३५ जणांचा मृत्यू झाला आणि मालकांनी कळविलेल्या इजांची संख्या साठ हजारांवर होती. तेही तेथील नियमानुसार साधारणतः सात दिवसांहून अधिक अनुपस्थितीची किंवा विशिष्ट गंभीर स्वरूपाची इजाच कळवावी लागत असताना. ब्रिटनच्या आकड्यांत कारखान्यांबरोबर इतर कार्यस्थळेही येतात, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. तरीही एवढी तफावत भारतीय यंत्रे जखमी न करता थेट जीव घेतात असे मानल्याशिवाय समजावून घेता येणार नाही. मृतदेह लपविता येत नाही, पोलीस पंचनामा होतो. तुटलेले बोट लपविता येते, हेच खरे उत्तर. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगाच्या सुटे भाग बनविणाऱ्या साखळीतील अपघातांवर अहवाल काढत आहे. त्यांत पॉवर प्रेसवर बोटे गमावलेल्या कामगारांची संख्या डोळ्यांत भरते.

जखमी कामगाराच्या खिशाशी या नोंदीचा थेट संबंध आहे. राज्य कामगार विमा योजनेत साध्या आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के रक्कम, तीही वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. तीच अनुपस्थिती कामावरील इजेमुळे असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के दराने, बरे होईपर्यंत मिळतो. कायमचे अपंगत्व आल्यास पुढे आयुष्यभर मासिक रक्कम सुरू होते. केसपेपरवर ‘घरी पडून इजा’ असे लिहिले गेले की हा सारा हक्क एका ओळीत धोक्यात येतो. म्हणून रुग्णालयात पहिल्याच वेळी इजा कोठे, कोणत्या यंत्रावर व किती वाजता झाली हे लिहून घेणे, केसपेपरची प्रत जवळ ठेवणे आणि अपघात नोंदवहीत साक्षीदारांच्या नावासह नोंद झाली की नाही हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

अपघात निदान डोळ्यांना दिसतो. व्यावसायिक आजाराचे तसे नाही. शिसे, पारा, बेंझिन यांची विषबाधा, सिलिकोसिस, कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस, गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा असे २९ आजार जुन्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत होते. यांपैकी एखादा आजार आढळल्यास तपासणाऱ्या डॉक्टरने तो मुख्य निरीक्षकांना कळवावा, न कळविल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद होती. नव्या संहितेत दंडाची मर्यादा दहा हजार आहे. परंतु डॉक्टरला आजार ओळखता आला तर तो कळविणार. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारा, असे इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० सालीच लिहून ठेवले होते. आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागातील घाईगर्दीत तो प्रश्न बहुधा राहूनच जातो. दगडखाणीत किंवा गिरणीत काम केलेला खोकणारा माणूस क्षयरोगी समजून औषधे घेत राहतो. सिलिकोसिस आणि क्षयरोग यांची छायाचित्रे क्ष-किरणात सारखी भासू शकतात, आणि सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयाचा धोकाही अधिक असतो, त्यामुळे घोटाळा वाढतो. शिवाय आजार दिसेपर्यंत कामगाराने नोकरी बदललेली असते, गाव गाठलेले असते.

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे आणि त्या कामगाराला पाहू देणे मालकांना बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाविषयीच्या निकालात याहून पुढे जाऊन प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपण्याचा आदेश दिला. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात शिरल्यापासून आजार प्रकटेपर्यंत दोन-तीन दशके सहज जातात, हे ध्यानात घेतले की या मुदतीचे कारण कळते. इतकी वर्षे अनेक कारखाने टिकत नाहीत. मालकी बदलते, जागा विकली जाते, कंत्राटदार तर दोन-चार वर्षांत पालटतो. म्हणून नोकरी सोडताना वेतनचिठ्ठी आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद जसे मागून घेतले जातात, तशीच वैद्यकीय तपासणीच्या नोंदींची प्रतही मागून घेतलेली बरी.