श्रवण हरपलेल्या प्रौढांच्या मनाची दखल

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी शाळा काढण्याची परंपरा युरोपात अठराव्या शतकापासून, तर मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळते. परंतु बोलण्या-ऐकण्यात निम्मे आयुष्य गेल्यावर ज्यांची श्रवणशक्ती गेली, त्यांच्या मनाची विचारपूस करणारी व्यवस्था फार उशिरा उभी राहिली. अशा माणसाला खुणांची भाषा येत नसते आणि ऐकणाऱ्यांच्या बैठकीत तो हळूहळू अबोल होत जातो, त्यामुळे त्याचे दुःख शाळेच्या चौकटीत बसले नाही आणि वैद्यकाने ते बराच काळ कानापुरतेच पाहिले.

अमेरिकेत या उणिवेची पहिली ठळक दखल घेतली ती स्वतः ऐकू न येणाऱ्या एडवर्ड निची यांनी. त्यांनी १९०३ मध्ये न्यूयॉर्कला प्रौढांसाठी ओष्ठवाचनाची, म्हणजे ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्याची, शाळा सुरू केली. 'पान', 'बाण' आणि 'मान' हे शब्द ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात, तेव्हा अक्षर-अक्षर टिपण्याऐवजी बोलणाऱ्याचा आशय एकसंधपणे पकडावा, असा त्यांच्या पद्धतीचा रोख होता, आणि त्यासाठी मनाची स्वस्थता लागते हे ते जाणून होते. १९१० मध्ये याच वर्तुळातून न्यूयॉर्कची श्रवणदुर्बलांची संघटना जन्माला आली. ओष्ठवाचनाचे वर्ग, नोकरीसाठी साहाय्य आणि समदुःखितांचे मेळावे यांची तिथे सांगड घातली गेली. समुपदेशन हा शब्द रूढ होण्याआधी त्याचे बरेचसे काम अशा मेळाव्यांनी केले, असे म्हणायला हरकत नाही.

शासनाला या प्रश्नाकडे वळवले ते युद्धांनी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस न्यू जर्सीतील केप मे येथील लष्करी रुग्णालयात बधिर झालेल्या सैनिकांना ओष्ठवाचन शिकवण्यात आले, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने तीन रुग्णालये या कामासाठी राखून ठेवली. त्यांपैकी पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या डेशॉन रुग्णालयात, पुढे श्रवणशास्त्राचे जनक मानले गेलेले रेमंड कार्हार्ट श्रवणयंत्राची निवड आणि श्रवणाचे प्रशिक्षण यांची पद्धत घडवत होते. तिथेच डोनाल्ड रॅम्सडेल हे मानसशास्त्रज्ञ सैनिकांच्या खिन्नतेचा माग काढत होते. १९४७ मध्ये हॅलोवेल डेव्हिस यांनी संपादित केलेल्या ग्रंथात रॅम्सडेल यांनी श्रवणाचे तीन स्तर मांडले: भाषा व संगीताचा प्रतीकात्मक स्तर, भोंगा किंवा दारावरची थाप अशा इशाऱ्यांचा स्तर, आणि ज्याकडे माणसाचे कधी लक्षच जात नाही असा आदिम स्तर. घड्याळाची टिकटिक, दुरून येणारी रहदारीची गाज, शेजारच्या खोलीतला माणसांचा वावर हे आवाज कोणी मुद्दाम ऐकत नाही, पण आपण जित्याजागत्या जगात आहोत ही जाणीव तेच सतत पुरवत असतात. ते थांबले की जग निष्प्राण वाटू लागते. आणि कारण उमगत नसल्यामुळे, आपल्या मनातच काही बिघाड झाला असावा, असा संशय माणसाला पोखरतो. म्हणूनच हे कारण रुग्णाला नीट समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग ठरतो. ज्या काळी बधिर माणसाला सरसकट संशयी आणि चिडखोर ठरवले जाई, त्या काळात त्याच्या उदासपणाला इतके माणुसकीचे स्पष्टीकरण मिळावे, ही या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना होय.

युद्धानंतर मात्र उपचाराचा भर यंत्राकडे सरकला. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरवर चालणारी श्रवणयंत्रे बाजारात आली, यंत्र लहान आणि सोयीचे होत गेले. पण ते कानावर चढवले की काम संपले, अशी समजूतही सोबत बळावली. डेशॉनसारख्या ठिकाणी जे एका छताखाली होते, ते विखुरले आणि त्यातला मनाचा भाग सर्वांत आधी मागे पडला.

तो पुन्हा हाती घेतला तोही श्रवण हरपलेल्या माणसांनीच. लष्करात असताना श्रवण गमावलेले हॉवर्ड 'रॉकी' स्टोन यांनी गुप्तहेर खात्यातून निवृत्त झाल्यावर १९७९ मध्ये स्वमदतीची एक देशव्यापी संघटना स्थापन केली. १९८७ मध्ये शिकागोत, ऐकू येण्याची सवय असताना श्रवण गेलेल्या प्रौढांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. ओष्ठवाचन, खुणा किंवा लेखन, ज्याला जे जमेल ते चालेल, हे तिचे धोरण होते. तिच्या बैठकांत एक जण संगणकावर बोलणे टंकत असे आणि बाकीचे ते पडद्यावर वाचत असत, त्यामुळे वर्षानुवर्षे अर्धेमुर्धे समजल्यावर मान डोलावत आलेल्या माणसांना इतरांची गाऱ्हाणी पूर्ण वाचता येऊ लागली आणि त्यांना उत्तरही देता येऊ लागले.