साडेतीन हात आणि एक सेंटिमीटर

‘साडेतीन हातांचा देह’ असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो, तेव्हा ते एक मोजमाप आहे हे ध्यानातही येत नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा स्वतःचा हात घ्यावा; त्याच्या साधारण साडेतीनपट आपली उंची, असा हा हिशेब. शरीराच्या एका भागावरून सगळ्या देहाची उंची काढणे, हेच काम न्यायवैद्यक शास्त्रही करते. तिथे मात्र समोर माणूस नसतो, कधी कधी एकच हाड असते.

या विद्येचा आधुनिक पाया फ्रान्समध्ये घातला गेला. 1888 मध्ये रोले यांनी लियाँ येथे 50 पुरुष आणि 50 स्त्रियांच्या शवांची लांबी व हाडे मोजली. त्याच आकड्यांवरून 1899 मध्ये लंडनच्या कार्ल पिअर्सन यांनी गणिती सूत्रे बांधली. अडचण अशी, की शवाची आडवी लांबी म्हणजे जिवंत माणसाची उभी उंची नव्हे.

ही अडचण दूर केली मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर पडलेल्या अमेरिकन सैनिकांचे अवशेष ओळखण्यासाठी 1948 मध्ये त्या हवाई येथे गेल्या आणि चौदा महिने राहिल्या. सैन्यात भरती होताना प्रत्येकाची उंची नोंदलेली होती. म्हणजे जिवंतपणीची उंची आणि मृत्यूनंतरची हाडे, दोन्ही हाताशी आली. या नोंदींना सेंट लुईसमधील टेरी संग्रहातल्या सांगाड्यांची जोड देऊन ट्रॉटरबाईंनी संख्याशास्त्रज्ञ गोल्डीन ग्लेसर यांच्यासह 1952 मध्ये सूत्रे प्रसिद्ध केली. ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

नडगीच्या हाडाचे त्यांचे सूत्र पाहा. गोऱ्या पुरुषासाठी हाडाची लांबी गुणिले 2.52, अधिक 78.62 सेंटिमीटर. हाड 37 सेंटिमीटर असेल तर उंची सुमारे 171.9. साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास इकडेतिकडे होऊ शकते, हेही त्यांनी सांगून ठेवले होते.

चाळीसेक वर्षांनी, 1994-95 मध्ये, रिचर्ड जँट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेरी संग्रहातील नडग्या पुन्हा मोजल्या. तेव्हा दिसले, की घोट्याच्या आतल्या बाजूचा उंचवटा धरून माप घेतले असे ट्रॉटरबाईंनी लिहिले होते, पण प्रत्यक्षात तो वगळला होता. माप 10 ते 12 मिलिमीटरने कमी पडत होते. सूत्र त्या तोकड्या मापावर बांधलेले. त्यामुळे पुस्तकातली सूचना इमानाने पाळून पूर्ण हाड मोजणाऱ्याचीच उंची अडीच ते तीन सेंटिमीटरने जास्त येणार! बेपत्ता माणसांची यादी समोर असताना एवढ्या फरकाने योग्य नाव बाजूला पडू शकते. आणि त्या नावामागे वाट पाहणारे एक घर असते.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सैनिकांची हाडे सन्मानाने पुरली गेली होती. ती पुन्हा मोजता येणार नव्हती. पडताळा मिळाला तो टेरी संग्रहातून, आणि त्या संग्रहात मोठा भरणा होता तो बेवारस म्हणून शवविच्छेदनाला आलेल्या गोरगरिबांचा. ज्यांना न्यायला कोणी आले नाही, त्यांच्या हाडांनी इतरांची ओळख पटवण्याचे सूत्र तपासून दिले.

आपल्याकडे 1924 मध्येच पॅन यांनी हिंदू शवांच्या लांब हाडांचे उंचीशी असलेले प्रमाण प्रसिद्ध केले होते. एका समाजाची सूत्रे दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, ही जाणीव इथे जुनी आहे. ट्रॉटरबाईंच्या नडगीने त्यात भर घातली: हाड कुठून कुठवर मोजले, हेही सूत्राइतकेच काटेकोर हवे. त्यांचे मोठेपण याने उणावत नाही. हाडे जपली होती, पद्धत लिहून ठेवली होती, म्हणूनच चूक सापडली. साडेतीन हातांच्या हिशेबातही पहिला प्रश्न तोच असतो: हात कोणाचा, आणि कुठून कुठवर?