भीमेचे पाणी, मुंबईचा उजेड

८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीच्या धरणाचा पाया घातला गेला. बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि तिथली वीज उच्च दाबाच्या तारांवरून मुंबईच्या गिरण्यांत पोचली. आज ‘ऊर्जा संक्रमण’ हा शब्द परिषदांतून फार ऐकू येतो. माझ्या मते आपल्याकडचे पहिले मोठे संक्रमण हे होते आणि ते उद्योगांच्या भागीदारीतूनच झाले.

त्या काळी गिरण्या वाफेवर चालत. कोळसा दुरून, बंगालपासून आणावा लागे. वाहतूक रखडली की माग थांबत, आणि चिमण्यांचा धूर परळच्या चाळींवर बसे तो वेगळाच. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र चार महिन्यांत प्रचंड पाऊस कोसळतो. तो अडवून कड्यावरून नळांतून खाली सोडला तर वर्षभर वीज मिळेल, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग नावाच्या अभियंत्याची. जमशेटजींनी ती उचलली. १९०४ मध्ये ते गेले, तेव्हा काम दोराबजींनी तडीला नेले. भांडवल बहुतांशी देशी होते, संस्थानिक आणि व्यापाऱ्यांकडून उभे राहिलेले. यंत्रे आणि तंत्रज्ञ युरोपातून आले. गिऱ्हाईक म्हणजे गिरणीमालक, आणि त्यांच्याशी करार आधीच झालेले. पुढे भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही वीजघरे आली. १९२९ मध्ये या वीज कंपन्यांच्या व्यवस्थापनात अमेरिकन अँड फॉरेन पॉवर कंपनी भागीदार झाली. देशी पैसा, परदेशी तंत्र आणि वीज घेणारा कारखाना हे तिन्ही जमले की प्रकल्प उभा राहतो, हे सूत्र तेव्हापासूनचे.

या तिघांच्या करारात चौथा पक्ष नव्हता. भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. कंपनीसाठी जमीन घेण्याची सोय १८९४ च्या भूसंपादन कायद्याने करून दिलेली होतीच. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट पुढे होते. काम काही काळ थांबले आणि पुन्हा सुरू झाले. सत्याग्रह संपल्यात जमा झाल्यावर, १९२४ च्या अखेरीस, बापटांनी रुळांवर दगड टाकून गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. या लढ्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बऱ्याच जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या होत्या आणि त्यांना नुकसानभरपाईचा दर वाढवून हवा होता. कसणाऱ्याला जमीन हवी होती. लढा फुटला तो याच फटीतून.

मी मुरूमचा, म्हणून मला या कहाणीत जमिनीइतकेच पाणी दिसते. आमच्या शिवारातला पाऊस बेनीतुरा नदीतून कागिण्याला आणि तिथून भीमेला मिळतो. लोणावळा आणि मुळशीच्या धरणांत अडणारे पाणीही मुळात भीमेच्याच खोऱ्यातले. इंद्रायणीचे, मुळेचे हे पाणी पूर्वेकडे वाहायचे ते पश्चिमेला वळवले, वीज काढली आणि कोकणातून समुद्राकडे सोडले. कृष्णा पाणीवाटप लवादाने १९७० च्या दशकात या वळवणीला मर्यादा घातली, तीही पाच वर्षांत २१२ टीएमसी, म्हणजे वर्षाला सरासरी ४२ टीएमसीहून थोडी अधिक. उलट धाराशिव आणि बीडसाठी कृष्णा-मराठवाडा योजनेत मागितलेले पाणी २३.६६ टीएमसी आहे. त्यातले पहिल्या टप्प्याचे ७ टीएमसी उजनीतून उचलायचे, तर त्यासाठीच आमच्या दोन पिढ्या निवेदने देत आल्या. मुंबईच्या विजेला धूर नव्हता हे खरेच. ती फुकट मात्र नव्हती, आणि किमतीचा काही भाग आमच्याकडून वसूल झाला एवढेच मला म्हणायचे आहे. कोणी याला प्रादेशिक रडगाणे म्हणेल, तर म्हणो.

आता भूमिका पालटली आहे. वाऱ्यासाठी आणि उन्हासाठी लोक आमच्याकडे येतात. बालाघाटच्या पठारावर, भूम-वाशी-कळंबच्या बाजूला, पवनचक्क्या उभ्या राहिल्या. भागीदारीचे सूत्रही नवे झाले. २००५ च्या वीज नियमांप्रमाणे कारखान्यांनी मिळून एखाद्या वीजप्रकल्पात किमान २६ टक्के मालकी घेतली आणि किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरली, तर तो त्यांचा ‘बंदिस्त’ प्रकल्प ठरतो आणि त्यांना क्रॉस सबसिडीचा अधिभार लागत नाही. म्हणून दूरचा कारखानदार आमच्या वाऱ्याचा भागधारक होतो. १९१५ चा गिरणीमालक नुसते गिऱ्हाईक होता, आजचा मालकही आहे. शेतकरी तेव्हा बाहेर होता. आज तो भाडेकरारावर सही करतो, म्हणजे दाराच्या आत आला, पण उंबरठ्यापुरता. या पैशाभोवती आणखी एक वर्ग जमला आहे. बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली, तिच्या मागे पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा वाद असल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. मुळशीत मध्यस्थ सावकार होता. इथे तो कोण, हे गावागावांत सगळ्यांना ठाऊक असते.

गेल्या उन्हाळ्यात एक शेतकरी असाच एक भाडेकरार माझ्याकडे घेऊन आला. मी कागदपत्रे वाचतो अशी गावात समजूत आहे. कागद इंग्रजीत, प्रत्येक पानाखाली त्याची मराठी सही. वार्षिक भाडे, रस्त्याची जागा, तारांखालची पट्टी, सगळे मी त्याला वाचून दाखवले. तो मधेच म्हणाला, “भाड्याचं मला ठावं हाय, तात्या. मुदत संपल्यावर ह्यो सिमेंटचा पाया कोण उकरून नेणार, तेवढं बघा.”

मी ते कलम दोनदा वाचले. त्यात मनोरा आणि पाती उतरवून नेण्याचे लिहिले होते. पायाचा उल्लेख नव्हता.