पाव मिलिमीटर

परवा साकोलीहून कारध्याचा पूल ओलांडून भंडाऱ्याला पुतण्याकडे गेलो होतो. घरामागच्या गोदामात तो उकिडवा बसलेला, आणि समोर गोणपाटावर आमच्या जुन्या फियाटचे इंजिन उघडून ठेवलेले. ही गाडी थोरल्या भावाने १९७८ मध्ये सेकंडहँड घेतली होती. भाऊ गेले आणि गाडी धूळ खात पडली. आता पोराने ती पुन्हा रस्त्यावर आणायचे मनावर घेतले आहे. मला पाहून म्हणाला, "काका, बसा. आज रिंगा टाकतो."

रिंगा म्हटल्याबरोबर मला १९८१ चा उन्हाळा आठवला. पण ते शेवटी. आधी थोडा इतिहास सांगतो. निवृत्त झालो तरी मास्तरकी सुटत नाही!

सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होतो. दोघांमध्ये फट राहिली तर वाफ निसटते, फट ठेवलीच नाही तर पिस्टन अडकतो. वाफेच्या इंजिनांच्या सुरुवातीपासूनचा हा पेच. जेम्स वॅटच्या काळी पिस्टनभोवती वाखाच्या दोऱ्या गुंडाळून त्यांना चरबी चोपडत. त्या झिजत आणि पुन्हा पुन्हा बदलाव्या लागत. १८५२ च्या सुमारास मँचेस्टरच्या जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे इंजिनियरने यावर सोपा उपाय काढला. धातूची कडी करायची, सिलिंडरपेक्षा सुमारे दहा टक्के मोठी, आणि एका जागी चिरलेली. ती दाबून आत बसवली की स्वतःच्याच ताणाने बाहेर फाकते आणि भिंतीला लागून राहते. (धावत्या गाडीने रुळांमधल्या हौदातून पाणी उचलायची युक्तीही याच गृहस्थाची, १८६० ची.) आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ ला, म्हणजे रिंग आणि आपली रेल्वे एकाच वयाच्या म्हणायच्या. पुढे पेट्रोलचे इंजिन आले, तरी ही चिरलेली कडी तशीच राहिली.

आमच्या फियाटचा जन्म कुर्ल्याचा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी होई, मग फियाटशी करार झाला. फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली १९५४ मध्ये, आणि वालचंद त्याच्या आदल्याच वर्षी गेले. १९६४ मध्ये ११०० डी आली, आमची ती. तीच गाडी सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली.

तिच्या इंजिनाचे मूळ माप असे: बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर, १०८९ सीसी. आता गणित करू. ६८ व्यासाच्या रिंगेचा परीघ झाला सुमारे २१४ मिलिमीटर. बीड दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत अकरा भाग वाढते. रिंग पाण्याने थंड होणाऱ्या सिलिंडरपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापली, तर तिची लांबी वाढली जवळजवळ पाव मिलिमीटर. तेवढी फट दोन टोकांमध्ये ठेवली नसेल तर टोके एकमेकांना भिडतात. मग रिंगेला जायला जागा नाही. ती भिंत ओरबाडते, नाहीतर तुटते. आणि फट फार ठेवली तर दाब निसटतो, इंजिन ऑइल खाते, मागून निळा धूर.

म्हणून प्रत्येक रिंग आधी नुसतीच सिलिंडरमध्ये टाकायची, पिस्टन उलटा करून तिला सरळ खाली ढकलायचे, आणि टोकांमध्ये फिलर गेजचे पाते घालून पाहायचे. कमी असेल तर कानस मारायची. सिलिंडर चार, रिंगा प्रत्येकात तीन-चार. घाईचे काम नाही हे.

आता १९८१. धाकट्या बहिणीचा साखरपुडा नागपूरला होता. गाडी धूर मारू लागली म्हणून भंडाऱ्यातल्या एका मिस्त्रींकडे इंजिन खोलले होते. आदल्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते रिंगा हातात घेऊन बसले होते. म्हणाले, "गुरुजी, आज नाई होत. एक एक रिंग मोजा लागते."

मी म्हणालो, "नव्या डब्यातल्या रिंगा आहेत. कंपनी काय मोजल्याशिवाय देते? उद्या मुहूर्त आहे आमचा."

ते दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत, कंदील ओढून घेतला आणि कामाला लागले. पहाटे किल्ली देताना एवढेच म्हणाले, "चाळीसच्या वर नेऊ नका." आम्ही उशीर झालेला, साठ-सत्तरने निघालो. मौद्याच्या अलीकडे गाडी घुसमटली आणि उभी राहिली. वडील, आई, बहीण सगळे एका धानाच्या ट्रकमध्ये बसून नागपूरला पोचलो, अडीच तास उशिरा. वडिलांना व्याह्यांपुढे मान खाली घालावी लागली. इंजिन पुन्हा खोलले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरला उभे ओरखडे, रिंगेचे दोन तुकडे.

भावाने मिस्त्रींना भर बाजारात नाही नाही ते ऐकवले. मी शेजारी उभा होतो. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी बोललो नाही. त्यांनीही माझे नाव घेतले नाही. दुसऱ्या रिंगा स्वतःच्या पैशाने घालून दिल्या. "त्या मिस्त्रीने गाडी खराब केली" ही गोष्ट आमच्या घरात चाळीस वर्षे सांगितली जाते, आणि मी ऐकून घेतो. ते मिस्त्री आता नाहीत.

परवा पुतण्याही तेच म्हणाला, "बाबा सांगायचे, त्या मिस्त्रीने..." तेव्हा मी त्याला थांबवले आणि वर लिहिले ते सगळे सांगितले. तो जरा वेळ गप्प बसला. मग फिलर गेज माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका, चष्मा लावा. तिसरा सिलिंडर तुम्ही मोजा."

मोजला. दोन रिंगांना कानस मारावी लागली. दुपारचे तीन वाजले. असो.

घरच्या मंडळींनी हे वाचले असेल, तर ती जुनी गोष्ट यापुढे अशी सांगावी.