साइट, माशी आणि चुना

परवा रात्री ह्यूस्टनहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, घरासाठी साइट बघतोय. डोकं चालेनासं झालंय."

मला भरून आलं. वीस वर्षं तिकडे राहून का होईना, पोराला मामाचा सल्ला घ्यावासा वाटला! मी खुर्ची पुढे ओढली. "हे बघ, पूर्वेला तोंड असेल तर उत्तम. पाणी आहे का बघ. आणि सात-बारा कोणाच्या नावावर आहे ते बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नकोस."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "मामा, साइट म्हणजे प्लॉट नव्हे. रायफलची साइट. नेम धरायची."

मी खुर्ची मागे घेतली.

हकीकत अशी, की त्याच्या मागच्या गल्लीत चोरी झाली आणि यानं घराच्या रक्षणासाठी रायफल आणली. अमेरिकेत ते नवलाचं नाही. घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचा आधार आहेच, शिवाय घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीला आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली दिला. आता प्रश्न एवढाच उरला होता, की तिच्यावर साधी लोखंडी साइट ठेवावी, दुर्बीण बसवावी, की लाल ठिपक्याची घ्यावी. "तू इतिहासाचा मास्तर आहेस, जरा अभ्यास करून सांग," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

पस्तीस वर्षं इतिहास शिकवताना मी नेम धरला तो खडूनं, आणि तोही शेवटच्या बाकावर. पहिल्या बाकावरच्या मुलांनी त्या काळात फार सोसलं. पण अभ्यास म्हटल्यावर मास्तराला राहवत नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच मी पायरीवर हजर होतो.

आपल्या मध्यमवर्गासारख्याच लोकांच्या घरात बंदूक मोठ्या हौसेनं शिरली ती इंग्लंडात, १८५९ साली. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन चालून येणार अशी आवई उठली आणि वकील, कारकून, दुकानदार सगळे स्वयंसेवक पलटणींत भरती झाले. या मंडळींना नेम शिकवायला त्याच वर्षी नॅशनल रायफल असोसिएशन निघाली. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या माळावर तिच्या पहिल्या सामन्यांचं उद्‌घाटन व्हिक्टोरिया राणीनं स्वतः बार काढून केलं. व्हिटवर्थची रायफल एका लोखंडी घोडीवर घट्ट बसवलेली, चापाला रेशमी दोरी बांधलेली. बाईंनी दोरी ओढली. चारशे यार्डांवरच्या निशाणीच्या मध्यापासून जेमतेम दीड इंचावर गोळी लागली! नेम आदल्या लोकांनी धरून ठेवला होता हे खरं, पण उद्‌घाटनं अशीच होतात. आपल्याकडे पाहुणे फीत कापतात, ती काय त्यांनी विणलेली असते?

नेपोलियन काही आला नाही. पण लांबवर मारायची हाव मात्र सुटली. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीवर (हो, तीच, जिच्या चरबीच्या काडतुसांवरून १८५७ ला आपल्याकडे वणवा पेटला) शिडीसारखी उभी राहणारी साइट होती आणि तिच्यावर नऊशे-हजार यार्डांपर्यंतचे आकडे होते. पुढे आली थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एन्फील्ड. हिच्या मागच्या साइटवर दोन हजार यार्डांपर्यंत आकडे, आणि बाजूला आणखी एक तबकडी, ती अठ्ठावीसशे यार्डांपर्यंत! अठ्ठावीसशे यार्ड म्हणजे अडीच किलोमीटर. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यात उभं राहून पर्वतीवरच्या माणसावर नेम धरण्यापैकी हा प्रकार. एका माणसानं एकाला टिपावं ही अपेक्षा नव्हती म्हणा. सगळ्या कंपनीनं मिळून तिकडे गोळ्यांचा पाऊस पाडायचा. पहिल्या महायुद्धात रायफली भराभर बनवायची वेळ आली तेव्हा ही तबकडी मुकाट्यानं काढून टाकली.

दुर्बिणीच्या बाबतीत आपल्याकडचा एक माणूस निघाला. आपल्याकडचा म्हणजे साहेबच, पण मुंबई लष्करातला. डेव्हिड डेव्हिडसन त्याचं नाव. त्यानं रायफलीच्या कुशीला बसवायची दुर्बीण तयार केली, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या नेमबाजांनी ती व्हिटवर्थ रायफलींवर लावून वापरली. भाच्यासाठी मी टिपण केलं : 'दुर्बीण नको. तुझ्या दिवाणखान्याची लांबी वीस फूट. वीस फुटांवर दुर्बिणीतून शर्टाचं बटण मोठं दिसेल. शर्टात कोण आहे ते दिसणार नाही.'

खरी गोम मात्र यार्डांत नसून डोळ्यात आहे. साध्या बंदुकीत मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा एक उंचवटा. त्याला आपल्याकडे 'माशी' म्हणतात. खाच, माशी आणि सावज एका रेषेत आणायचं. म्हणजे वितीवरचं, हातावरचं आणि शंभर हातांवरचं, अशा तीन वस्तू एकाच वेळी स्पष्ट बघायच्या. आणि देवानं दिलेला डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट बघतो! तरुणपणी तो इकडून तिकडे इतक्या चपळाईनं उड्या मारतो, की आपल्याला पत्ता लागत नाही. चाळिशी लागली की उड्या बंद. माशी पाहावी तर चोर पुसट, चोर पाहावा तर माशी उडाली.

ही अडचण इंग्लंडला १९४० साली भोवायची. १४ मे रोजी परराष्ट्र नव्हे, युद्धमंत्री (मी वर्गातही हे नेहमी चुकायचो) अँथनी ईडन यांनी रेडिओवरून आवाहन केलं, की सतरा ते पासष्ट वयाच्या पुरुषांनी घर राखायला पुढे यावं. आठवड्याभरात अडीच लाख लोक आले. हेच पुढे होमगार्ड झाले. त्यात चाळिशीवाले भरपूर. सुदैवानं त्यांच्यासाठी अमेरिकेहून ज्या रायफली आल्या त्यांना खाचेऐवजी बारीक भोक होतं. बारीक भोकातून पाहिलं की जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. आमचे आबा चष्मा सापडला नाही की मूठ वळून तिच्या भोकातून पंचांग वाचायचे, तेच शास्त्र. पण बंदूक आणि नेम दोन्ही ठीक असूनही त्या जून महिन्यात नाक्यावर न थांबलेल्या मोटारींवर या मंडळींनी गोळ्या झाडल्या, आणि मेली ती त्यांचीच माणसं. जर्मन एकही नव्हता.

आता लाल ठिपका. हा मला वाटलं होतं कुठल्या तरी अमेरिकन पोराच्या डोक्यातून निघाला असेल. निघाला तो डब्लिनच्या सर हॉवर्ड ग्रब यांच्या डोक्यातून, १९०० साली! हे गृहस्थ आकाशदर्शनाच्या दुर्बिणी करायचे. आणि गंमत म्हणजे त्यांची एक वीस इंची दुर्बीण आमच्या पुण्यात होती. सायन्स कॉलेजच्या आवारात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली, प्राध्यापक कावसजी नायगमवाला ती सांभाळत. त्या काळी भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण ती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद होऊन सामान कोडाईकनालला गेलं. (पुण्यातून एखादी चांगली गोष्ट बाहेर गेली, की आम्ही तीस वर्षांनी स्मारक समिती काढतो. या बाबतीत तेही राहिलं.)

ग्रब साहेबांची युक्ती सोपी. तिरप्या काचेवर भिंगातून एका खुणेचं प्रतिबिंब असं पाडायचं, की ती खूण काचेवर न दिसता दूर, ताऱ्याइतकी दूर, सावजावरच तरंगताना दिसावी. डोळ्याला उड्या मारायचं कामच नाही. चोर बघा, ठिपका चोरावर बसलेलाच असतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला हे विमानांवर गेलं, १९७५ साली स्वीडनच्या एमपॉइंटनं बॅटरीवरचा लाल ठिपका बाजारात आणला, आणि नेम धरायला लागणारा वेळ जवळजवळ संपला.

हे वाचताना मला आमच्या कोकणातल्या घरची बंदूक आठवली. ठासणीची, वानर-डुकरांपासून बाग राखायच्या परवान्यावरची. आबांना चाळिशी लागली आणि माशी दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनीही लाल ठिपक्यासारखाच शोध लावला होता. पानाच्या डबीतला चुना करंगळीवर घ्यायचा आणि माशीला लावायचा. चांदण्यात पांढरा ठिपका छान चमकायचा. बॅटरी नाही, काही नाही.

जत्रेचे दिवस. देवळात दशावतार. मी दहा वर्षांचा, ताई चौदाची. आबांनी जायला बंदी केलेली, म्हणून आम्ही मागच्या दारानं पसार. पहाटे तीनला परतताना थंडी वाजायला लागली, म्हणून ताईनं घोंगडी डोक्यावरून घेतली आणि पोफळीतून वाकून चालायला लागली. मी दहा पावलं मागे. समोर पडवीत आबा उभे होते. बंदूक खांद्याला लावलेली. आदल्याच रात्री डुकरांनी सुरणाचा वाफा उकरला होता. मला ओरडायचं होतं, पण घशातून आवाजच निघेना. आबा मान वाकडी करत होते, डोळा बारीक करत होते, नळी खालीवर करत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग ताईला शिंक आली.

बंदूक खाली आली. आबांनी विचारलं, "कोण आसा रे थंय?" आम्ही पुढे झालो. मार पडणार म्हणून मी डोळे मिटले. पण आबा पडवीच्या पायरीवर बसले होते, पाणी मागत होते. दुसऱ्या दिवशी आजीला ते काय बोलले ते मी दाराआडून ऐकलं. संध्याकाळी डबीतला चुना संपला होता. माशी दिसत नव्हती, म्हणून थांबलो.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. राणीपासून ठिपक्यापर्यंत त्यानं मधून मधून "हं, हं" केलं. पोफळीपाशी आल्यावर ते थांबलं.

"आईनं हे कधी सांगितलं नाही मला," तो म्हणाला.

"तिला माहीतच नाही. ती खाली बघून चालत होती."

बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "मामा, आमचा मोठा हल्ली रात्री एक-दीडला येतो. मागच्या दारानं. आम्हाला कळू नये म्हणून."

आठ दिवसांनी पुन्हा फोन आला. साइटचं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मागच्या दारी त्यानं माणूस आला की आपोआप पेटणारा मोठा दिवा बसवला होता. पहिल्याच रात्री तो पेटला, हे धावत गेले, तर पायरीवर एक रॅकून. आपल्या मुंगसाचा थोरला भाऊ शोभेल असं जनावर, कचऱ्याच्या डब्यात हात घालून बसलेलं.

"आणि चिरंजीव?"

"तो पुढच्या दारानं आला. पावणेदोनला."